बंड्याच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कुत्र्याला, बंड्याला, तुमच्याकडे आणलं तेव्हा गोचीडताप म्हणजे गोचीड चावून रक्तात शिरणारे जंतू, एहर्लिकिया नाहीतर बबेसिया, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अंगात ताप होता, अन्नावर वासना नव्हती, म्हणजे लक्षणं जुळतही होती. तुम्ही मात्र त्याला टेबलावरून उतरवून चालायला लावलंत. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मग तुम्ही त्याचा एक पंजा उलटा करून जमिनीवर टेकवलात. धडधाकट कुत्रा तो लगेच सरळ करतो, बंड्याने तसाच राहू दिला. मान वळवली तर कळवळला. टिक-बोर्न एन्सेफलायटिस, म्हणजे गोचिडीतून आलेल्या विषाणूमुळे मेंदूला येणारी सूज, हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"हा विषाणू मारणारं औषध नाही," हे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत, त्याबद्दल तुमचे विशेष आभार. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू केलंत तेही रिपोर्ट येईपर्यंत, एहर्लिकियाची शक्यता होती म्हणून. विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही, हे बजावूनच. रक्तात या विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या तरी घाई केली नाहीत, कारण कधीही आजारी न पडलेल्या कुत्र्यांतही त्या सापडतात. दुसऱ्या नमुन्यात त्या वाढलेल्या दिसल्या, तेव्हाच निदान पक्कं केलंत.

पुढचं काम शुश्रूषेचं होतं. सलाईन, झटक्यांवरचं औषध, हाताने भरवणं. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून तुमच्याकडचे दादा त्याची कूस बदलत, पोट दाबून लघवी काढत, आणि हे सगळं त्याच्याशी गप्पा मारत मारत. त्यांचे आभार कसे मानावेत कळत नाही.

आमच्या भीतीलाही तुम्ही वेळ दिलात. हा आजार कुत्र्याकडून थेट आपल्याला होत नाही, पण तीच गोचीड आपल्यालाही चावू शकते, म्हणून फिरून आल्यावर स्वतःचे पायही तपासा, म्हणालात. गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम नावाच्या आजाराचे जंतू अंगात शिरायला गोचिडीला बहुधा दिवसभर चिकटून राहावं लागतं. बंड्याला झालेला हा विषाणू मात्र तिच्या लाळेतच असतो, काही मिनिटांत आत जातो. चिमट्याने ती त्वचेलगत धरून सरळ ओढायची हे खरं, तरी तेवढ्यावर भागत नाही. माणसांसाठी लस आहे, कुत्र्यांसाठी नाही. कुत्र्याला द्यायच्या गोचिडीवरच्या गोळ्या गोचीड चावल्यावरच तिला मारतात, शिवाय त्यांतल्या काही झटके येऊन गेलेल्या कुत्र्याला जपून द्याव्या लागतात. म्हणून तुम्ही गोचिडी दूर ठेवणारं पर्मेथ्रिन सुचवलंत. त्याआधी घरात मांजर आहे का, हे विचारायला विसरला नाहीत, कारण मांजराला ते विषारी. असे प्रश्न विचारणारा डॉक्टर मिळायला नशीब लागतं.

बंड्या आता स्वतः जिना उतरतो. डावा मागचा पाय थोडा घासतो, पण जेवणाच्या ताटलीकडे धावताना तेही विसरतो. तपासणीला घेऊन येतोच.

आपली कृतज्ञ,
बंड्याच्या घरची मंडळी