काका, तुम्ही लिहून दिलेल्या त्या पानांबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच ‘आईचा गुडघा काय म्हणतोय?’ असं विचारून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर देवनागरीतली पानं का पसरली होती, हे इथल्या बाकीच्या मराठी मंडळींनाही कळू दे. दोघा-तिघांनी मला तसं विचारलंय.

आई सांगलीहून आली तेव्हापासून तिला बॉस्टन पॉप्सला, म्हणजे हलकंफुलकं संगीत वाजवणाऱ्या इथल्या ऑर्केस्ट्राच्या मैफलीला, न्यायचं माझ्या मनात होतं. पण कार्यक्रम निघाला ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतल्या, गाण्यांचा आणि माझा धीर खचला. तिला इंग्रजी वाचता येतं, पण ऑर्केस्ट्राच्या गजरातून येणारे गाण्याचे शब्द मलासुद्धा निम्मेच कळतात. आणि ती पडली नाट्यसंगीतात वाढलेली. पद कुणाच्या तोंडी आहे, कोणत्या अंकातलं, समोर कोण उभं आहे, हे माहीत असल्याशिवाय ती ऐकायला सुरुवातच करत नाही. रेडिओवर पद लागलं की स्वयंपाकघरातून आधी प्रसंग सांगायची, मग गुणगुणायची. हे सगळं मी तुम्हाला मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत सहज बोलून गेले आणि विसरलेही. तुम्ही विसरला नाहीत. पुढच्याच आठवड्यात पाकीट घेऊन दारात हजर!

आत सहा-सात पानं, पाठपोट, तुमच्या त्या उभ्या, इंजिनियरी अक्षरात. वर गाण्याचं नाव, नाटकाचं नाव, साल. खाली ‘प्रसंग’. त्याखाली ‘कोण, कुणाला’. आणि शेवटी एक ओळ, ‘ऐकताना’. शब्दांचं भाषांतर कुठेच नव्हतं. आधी मला वाटलं, काकांनी अर्धंच काम केलंय. पान वाचून आईने मान डोलावली तेव्हा कळलं, तिला हवं होतं ते एवढंच.

खरं तर पॉप्सच्या कार्यक्रमाची अडचणच ही आहे. नाटकात ते गाणं कुणीतरी अडलेलं, पेचात सापडलेलं माणूस म्हणत असतं. मैफलीत ते माणूस गळून पडतं आणि उरतात छान कपडे घातलेली गायिका आणि मागे सत्तर-ऐंशी वादक. आपल्याकडे नाट्यपदांच्या मैफलीला निवेदक असतो, तो चार वाक्यांत रुक्मिणी रुसली आहे, हे सांगून जातो. इथे कंडक्टर एखादा विनोद करतो आणि बॅटन उचलतो. आमच्या टेबलाचे निवेदक, काका, तुम्ही होतात.

आई हॉलमध्ये शिरली आणि आधी बिचकलीच. सिंफनीच्या हंगामात जिथे ओळीने खुर्च्या असतात तिथे पॉप्ससाठी टेबलं मांडलेली, लोक खाताहेत, पिताहेत, ट्रे फिरताहेत. “गाणं चालू असताना?” तिने मला कोपराने ढोसलं. सुदैवाने त्याचंही उत्तर तुमच्या पहिल्या पानावर होतं. हेन्री ली हिगिन्सन तरुणपणी संगीत शिकायला व्हिएन्नात राहिला, तिथल्या बागांमधलं हलकंफुलकं संगीत त्याच्या मनात बसलं, आणि बॉस्टन सिंफनी काढल्यावर चार वर्षांनी, १८८५ मध्ये, त्याने हे उन्हाळी प्रकरण सुरू केलं. म्हणजे खाणंपिणं हा आगाऊपणा नसून मूळ बेतच तो होता. आईने हिशोब केला: सौभद्र १८८२. “म्हणजे आपलं तीन वर्षं आधीचं,” असं म्हणून ती एकदम सैलावली आणि तिने स्वतःसाठी आइस्क्रीम मागवलं.

पहिलं गाणं ‘ओक्लाहोमा!’मधलं. येताना तुमच्या सांगण्यावरून आम्ही बॉयल्स्टन स्ट्रीटवरून कलोनियल थिएटरसमोरून गाडी नेली होती. सिंफनी हॉल आणि कलोनियल, दोन्ही १९०० सालची. ब्रॉडवेची नाटकं न्यूयॉर्कला जाण्याआधी इथे घासूनपुसून घेतली जायची आणि १९४३ च्या मार्चमध्ये हे नाटक इथे आलं तेव्हा त्याचं नाव ‘अवे वी गो!’ होतं. गावोगावच्या प्रयोगांत पदं गाळायची, नवी घालायची, पाचव्या अंकाला कात्री लावायची, हे आईला काही नवीन नाही. ‘शीर्षकगीत इथल्या प्रयोगांच्या काळात समूहगीत झालं, नावही बदललं, महिनाअखेरीस न्यूयॉर्कला पडदा उघडला’ हे तुमचं वाक्य वाचून ती म्हणाली, “म्हणजे बॉस्टन यांचं सांगली.” सांगलीकराला याहून मोठी पावती देता येत नाही.

‘कॅरोसेल’मधल्या ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ या गाण्याला माझा मुलगा ताडकन उभाच राहिला. त्याच्या लेखी ते लिव्हरपूलच्या फुटबॉल संघाचं गाणं, आणि इथे ही म्हातारी माणसं ते का गाताहेत हेच त्याला कळेना. आईने तुमचं पान त्याच्यापुढे सरकवलं. मराठी वाचायला तो कंटाळतो, पण त्या दिवशी अक्षर लावत लावत वाचलं: चोरीचा बेत फसतो, नवरा स्वतःच्याच सुरीवर पडून मरतो, पोटुशी ज्यूली प्रेताशेजारी बसलेली, आणि नेटी नावाची नात्यातली बाई तिला धीर देताना हे म्हणते. नाटक १९४५ चं. गेरी अँड द पेसमेकर्सनी १९६३ मध्ये ते पुन्हा गायलं आणि मग ते मैदानात शिरलं. मुलगा खाली बसला. “इतकं सॅड आहे?” एवढंच म्हणाला. त्याला मराठी वाचायला लावायचे माझे सगळे उपाय थकले होते, काका. तुम्ही तेही फुकटात करून गेलात.

‘माय फेअर लेडी’च्या पानावर तुम्ही एकच ओळ लिहिली होती: ‘फुलराणी. बाकी तुम्हाला माहीत आहे.’ आई इतकी हसली की आसपासच्यांनी वळून पाहिलं. भक्ती बर्वेंची मंजुळा तिने पाहिली आहे. ‘ती फुलराणी’ १९७५ चं आणि हे संगीत नाटक १९५६ चं असलं तरी दोन्ही बर्नार्ड शॉच्या एकाच नाटकाच्या, ‘पिग्मॅलियन’च्या, पोटची, तेव्हा तिला ओळख करून द्यायची गरजच नव्हती. खाली बारीक अक्षरात मात्र तुम्ही एक गोष्ट नोंदवली होती, आणि ती मला इतकी वर्षं माहीत नव्हती. रात्रभर नाचता आलं असतं असं नायिका एलायझा म्हणते ते मेजवानीच्या नाचानंतर नव्हे. तिचे उच्चार पहिल्यांदा जमले, त्या रात्रीचं ते गाणं आहे. बाकीच्या बायका तिला झोपवायला बघताहेत आणि हिला झोप येत नाही. धडा बिनचूक आल्यावर होणारा तो आनंद आहे. आयुष्यभर मुलींना गाणं शिकवलेली माझी आई गाणं संपल्यावर म्हणाली, “अशा मुली मी पाहिल्यात. क्लास संपला तरी घरी जात नाहीत.”

‘द साउंड ऑफ म्युझिक’मधलं एडलवाइस लागलं तेव्हा सगळा हॉल हळूहळू गुणगुणू लागला. ते ऑस्ट्रियाचं लोकगीत आहे असंच मी समजत होते. तुमची टीप: ‘लोकगीत नव्हे. गीतकार हॅमरस्टीनने १९५९ च्या या नाटकासाठी लिहिलेलं, त्याच्या हातचं शेवटचं गाणं. नाझी समोर बसलेत, कॅप्टन जाहीर कार्यक्रमात एका फुलाचं नाव घेऊन देशाचा निरोप घेतोय.’ आईला इथे खाडिलकर आठवले. कीचकवधाच्या आडून कर्झनशाहीवर नेम धरला आणि इंग्रजांना नाटकावर बंदी घालावी लागली, ते. मध्यंतरात तिने मला त्यावर छोटं व्याख्यान दिलं. पाणी आणायला मी उशिरा गेले ते त्यामुळे.

पण सगळ्यात जास्त आभार ‘सेंड इन द क्लाउन्स’च्या पानाचे. नाटक ‘अ लिटल नाइट म्युझिक’. प्रसंग असा की डेझिरे ही नटी. तिने जुन्या प्रियकराला सोबत चल म्हटलंय, आणि त्याला आपल्या कोवळ्या बायकोला सोडवत नाहीये. विदूषक सर्कशीतले नव्हेत. रंगमंचावर सगळं फसू लागलं की विदूषकांना आत पाठवा, अशी ही नाटकवाल्यांची बोली. आणि ‘ऐकताना’मध्ये तुम्ही लिहिलंत: ‘ओळी तोकड्या का आहेत ते पाहा. १९७३ मध्ये ही भूमिका ग्लिनिस जॉन्सने केली. आवाज गोड, पण लांब सूर धरवत नसे. संगीतकार साँडहाइमने तिच्या दमसासाच्या मापाने ओळी बेतल्या.’

आईने ते दोनदा वाचलं. मग डोळे मिटून ऐकलं, आणि कुठे श्वास घेतला जातोय तिथे टेबलावर बोट टेकवत गेली. गायिकेचा आवाज चांगला दमदार होता, ती त्या तोकड्या ओळी लांबवत होती. आई पुटपुटली, “हिला दम आहे म्हणून ही गाणं बिघडवतेय.” मला ते पटलं. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, पण मला ते पटलं.

शेजारच्या टेबलावरच्या एक आजी केव्हापासून आमच्या कागदांकडे बघत होत्या. मी त्यांना तुमचं ते पान इंग्रजीत सांगितलं, तर त्या चकितच झाल्या. त्यांनाही इतकी वर्षं सर्कसच वाटत होती! म्हणजे तुमच्या मराठी टिपणाने एका बॉस्टनकरीणबाईंची सोय केली, हे तुम्हाला कळवायलाच हवं.

नावडलेलंही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसती स्तुती चालली आहे. उत्तरार्धातली ती मेडली. एकेका नाटकाच्या चार-चार ओळी, एक सूर धरतोय तोवर दुसरा. तुमच्या पानावर त्या भागासाठी फक्त एक आडवी रेघ होती, त्याचा अर्थ तेव्हा कळला. आई म्हणाली, “मुखडा दाखवून पळताहेत.” आणि गायकांचे माइक. ज्या वास्तूत पियानोचा शेवटचा बारीक सूर वरच्या गॅलरीपर्यंत पोचतो, तिथे इतका आवाज वाढवायची काय गरज?

वास्तूवरून आठवलं, शेवटचं पान. त्यावर गाणं एकही नाही, नुसता वॉलेस सेबाइन. हार्वर्डचा हा भौतिकशास्त्रज्ञ रात्री-अपरात्री सँडर्स थिएटरच्या गाद्या उचलून दुसऱ्या सभागृहात मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून सूर विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, आणि त्यातून आलेल्या गणितावर हा हॉल बांधला गेला. हे पान तुम्ही आईसाठी नव्हे, स्वतःसाठी लिहिलंय असं मी म्हटलं होतं. माफ करा. आईने सर्वांत जास्त वेळा तेच वाचलं. बाल्कनीवरचे पुतळे, व्यासपीठाच्या माथ्यावरचं एकट्या बेथोव्हेनचं नाव, सगळं मान वर करून पाहिलं, आणि एकाच्या अंगावरचं वस्त्र बघून विचारलं, “हा नाटककार आहे का?” सोफोक्लिस त्यांत आहे खरा, पण तो नेमका कोणता हे मला सांगता आलं नाही. तेवढं तुम्ही सांगा.

आणखी एक टीप राहिली, रॉबर्ट रसेल बेनेटची. संगीतकाराचं नाव पोस्टरवर असतं, पण व्हायोलिननी कुठे यायचं आणि हॉर्ननी कुठे गप्प बसायचं हे ठरवणारा हा माणूस: ‘ओक्लाहोमा!’, ‘साउथ पॅसिफिक’, ‘द साउंड ऑफ म्युझिक’, सगळीकडे हाच. आईने त्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. नाटक कंपन्यांतल्या ऑर्गनवाल्यांची नावं तिला पाठ आहेत, ती इतर कुणी घेत नाही याचा तिला राग आहे, त्यातलंच हे.

आता मुख्य काम. मध्यंतरात त्या शेजारच्या आजींनी विचारलं होतं, तुमच्याकडे नाटकात गातात का? आई सुरूच झाली, आणि भाषांतर करता करता माझी धांदल उडाली. बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, मन अर्जुनावर, कुणाला शरण जावं हे सुभद्रेला सुचत नाही, हे मी इंग्रजीत सांगितलं खरं, पण ते एखाद्या पोलिसी तक्रारीसारखं वाटलं. तेव्हापासून आईने मनावर घेतलंय. सांगलीला गेल्यावर तिने तुमच्याच पद्धतीने पानं लिहायला घेतली आहेत: पद, नाटक, साल, प्रसंग, कोण कुणाला, ऐकताना. सौभद्र झालंय, शारदा चालू आहे. ती इंग्रजीत तुम्ही करून द्यायची, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलंय. मंडळाच्या पुढच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला ज्यांचे शेजारी, सुना, जावई अमराठी आहेत त्यांच्या हातात ती द्यायची. तुमची मूळ पानं मी स्कॅन करून ठेवली आहेत. तुमची हरकत नसेल तर तीही मंडळात सगळ्यांसाठी ठेवीन, तुमचं नाव घालून किंवा न घालता, तुम्ही सांगाल तसं.

घाई नाही. पण आईचा फोन दर रविवारी येतो आणि ‘काका हो म्हणाले का?’ हा तिचा पहिला प्रश्न असतो. गुडघा आता बरा आहे, त्यामुळे ते विचारून सुटका होणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सांगलीकर बाईंची लेक