विषय : तुमचीच एसएसडी तुमच्याच कार्डावर चालत नाही

व्यवस्थापक महोदय,

तुमच्या कस्टमर केअरने आत्ताच चौथ्यांदा फोन कट केला, म्हणून लिहितो आहे.

एक टीबीच्या एम डॉट टू एसएसडीखाली (डेटा साठवायची ती छोटी पट्टी) तुम्हीच ‘सोबत हेही घ्या’ म्हणून पीसीआयई ॲडॉप्टर कार्ड दाखवलं. माझ्या जुन्या मदरबोर्डवर एम डॉट टूची जागा नाही, म्हणून दोन्ही घेतलं. बसवलं. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये दिसेना, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येही नाही.

कारण तुम्हाला ठाऊक असणारच. एसएसडी साटा या जुन्या जोडणीची, कार्ड फक्त एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीचं. दोन खाचांमुळे ती स्लॉटमध्ये मापात बसते, पण साटासाठी कार्डाला वेगळी केबल जोडायची सोय लागते आणि ती यावर नाही. खोक्यावर मात्र ‘सर्व एम डॉट टू एसएसडी चालतात’. सर्व!

हे सगळं तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "सर, रीस्टार्ट केलं का?" केलं. "सीडीतला ड्रायव्हर टाकला?" खोक्यात सीडीच नाही. मग बराच वेळ नुसती कीबोर्डची खटखट. आणि मग, "काका, घरात कोणी यंग आहे का? त्यांना द्या ना फोन." मी साटाच्या आधीच्या त्या रुंद पट्टीसारख्या केबली जोडायचो, तेव्हा हे चिरंजीव जन्मले तरी होते का? घरातली यंग व्यक्ती म्हणजे माझी नात, दुसरीत आहे. तिला फोन दिला असता तर निदान खोक्यावरचं ‘सर्व’ तिने वाचून दाखवलं असतं. त्यावर सतरा मिनिटं होल्ड, तुमचं ते टिंग टिंग, आणि शेवटी निकाल : "कॉम्पॅटिबिलिटी तुम्ही चेक करायला हवी होती." जोडी तुम्ही लावलीत हो!

तक्रार तिसऱ्या दिवशी नोंदवली. ‘२४ ते ४८ तासांत संपर्क करू’ म्हणत दहा दिवस घालवलेत आणि अकराव्या दिवशी ‘रिटर्न विंडो क्लोज’. खोक्यावर अजूनही ‘सर्व’च आहे, फोटो जोडला आहे.

तुमच्या दोन हार्ड डिस्क सहा वर्षं विनातक्रार चालल्या, म्हणून डोळे मिटून ऑर्डर दिली. चूक माझीच.

आठ दिवसांत दोन्ही वस्तू परत न्या आणि पूर्ण पैसे द्या. कूपन नको. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करीन, तिथेही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. रिटायर्ड आहे, वेळ भरपूर आहे.

आणि फोन करणार असाल तर मलाच करा. नातीची शाळा असते.

— एक काका