कॅमेरा खरेदीचा सल्ला झाडीपट्टीच्या उन्हात तपासून पाहावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत व्यावसायिक छायाचित्रणासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, याविषयीचा लेख वाचला. लेखात माहिती भरपूर होती आणि ती सोप्या भाषेत दिली होती, हे आधीच नमूद करतो. मात्र फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेतल्याशिवाय या व्यवसायात उतरू नये, असा जो निष्कर्ष लेखाच्या शेवटी काढला आहे, तो मला मान्य नाही. त्या लेखाचे कात्रण खिशात घेऊन आमच्या गावातील एक तरुण परवा माझ्या स्टुडिओत आला होता. धानाचे चुकारे जमा झाले की निम्मी रक्कम वडिलांकडून घ्यायची आणि उरलेल्या रकमेचे चोवीस हप्ते पाडायचे, असा त्याचा बेत होता. लेन्स कोणती घेणार, असे मी विचारले, तेव्हा ‘सोबत येईल ती’ एवढेच उत्तर मिळाले. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नागभीड तालुक्यात अठ्ठावीस वर्षांपासून लग्नाचे फोटो काढून पोट भरत असल्याने मी त्याला बसवून घेतले आणि कागदावर हिशेब मांडून दाखवला. तोच हिशेब येथे देतो.

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते. ज्याला आपण क्रॉप सेन्सर म्हणतो, तो बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. महागडी बॉडी (लेन्सविना कॅमेरा) घेऊन प्रकाश टिपणारी जागा वाढते ती इतकीच, अडीच पटींनाही थोडी कमी. आता लेन्सकडे पाहू. सोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (१८ वर रुंद दृश्य, ५५ वर जवळचे) ५५ वर नेली की तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). याउलट ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स, जी कोणत्याही मोठ्या कंपनीच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांमध्ये मोडते, ती या किट लेन्सपेक्षा साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. एकीकडे दोन वर्षांचे हप्ते, तर दुसरीकडे एका सीझनच्या दोन-तीन ऑर्डरींत फिटणारी रक्कम. क्रॉप कॅमेऱ्यावर ही लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्ससारखी वागते, म्हणून नवरीच्या चेहऱ्यासाठी ती फार चांगली. परंतु दहा बाय दहाच्या खोलीतील हळदीला ती उपयोगाची नाही, तेथे किट लेन्सच १८ वर ठेवून वापरावी. शिवाय एफ १.८ वर नातेवाइकांचा ग्रूप काढू नये. पुढच्या रांगेतील डोळे स्पष्ट येतात, मागच्या रांगेतील मामा धूसर येतात, आणि अल्बममध्ये धूसर आलेले मामा पुढचे लग्न होईपर्यंत ते विसरत नाहीत. ग्रूपसाठी छिद्र ५.६ किंवा ८ वरच न्यावे.

फुल फ्रेम कॅमेरा वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्याचे बहुतांश काम रात्रीचे आहे आणि ज्याच्याकडे त्याचे हप्ते पेलण्याइतक्या ऑर्डरी आहेत, त्याने तो अवश्य घ्यावा. माझा आक्षेप आधी बॉडी, मग लेन्स या क्रमाला आहे, आणि त्याहून अधिक या गोष्टीला आहे की लेखातील सर्व सल्ला थंड खोलीत बसून दिलेला वाटतो.

आमच्याकडची लग्ने एप्रिल-मे महिन्यांत, भर दुपारी आणि बिछायतवाल्याच्या रंगीत मांडवात लागतात. पत्रिकेवर साडेअकराचा मुहूर्त असला तरी नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापासून मांडवात पोहोचेपर्यंत दीड वाजतो. त्या वेळी डोक्यावरचे ऊन गुलाबी किंवा पिवळ्या कापडातून गाळून खाली उतरते आणि नवरीचा चेहरा, भटजींचे धोतर, हातातल्या अक्षता असे सगळेच एका रंगात बुडून जाते. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप नैसर्गिक करणारी सोय) येथे गोंधळतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये फोटो काढून आणि करड्या रंगाचे कार्ड एकदा टिपून ठेवून संगणकावर बरीच दुरुस्ती करता येते, हे खरे. परंतु चेहऱ्याच्या एका बाजूला छताचा गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला मांडवाच्या उघड्या कडेचा पांढरा प्रकाश पडलेला असेल, तर गुलाबी काढताना दुसरा गाल हिरवट होतो.

यावर मला सापडलेला उपाय कॅमेऱ्यातला नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडव बांधला जात असताना मी तेथे जातो आणि स्टेजच्या वरचे तेवढे दहा बाय पंधरा फुटांचे छत पांढऱ्या कापडाचे लावायला सांगतो. सुरुवातीला बिछायतवाले कुरकुरत असत. आता माझी स्कूटर दिसली की त्यांची पोरे पांढरे कापड बाजूला काढून ठेवतात. दुपारचे कडक ऊन त्या कापडातून उतरले की स्टुडिओतल्या मोठ्या सॉफ्टबॉक्सने मिळतो तसा मऊ, पसरलेला प्रकाश फुकट मिळतो. एवढे केल्यावर कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे, हे अल्बम पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

मांडवाबाहेरची गोष्ट वेगळी. बाराच्या उन्हात उभ्या केलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि ते भरण्यासाठी फ्लॅश दिवसाच लागतो, ही गोष्ट नव्या मुलांना पटत नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० असताना १/१०० सेकंद शटर आणि एफ १६ हा जुना आडाखा आजही चुकत नाही. शटर १/२०० केले तर छिद्र एफ ११ वर येते. इतक्या बारीक छिद्रातून परिणाम दिसायचा तर फ्लॅश जवळ असावा लागतो, कारण अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चौथाईवर येतो. त्यातच फ्लॅश आणि शटर यांचा मेळ बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच बसतो. गेल्या वर्षी मी सोबत घेतलेल्या एका होतकरू पोराने स्वस्तातला ट्रिगर (दुरून फ्लॅश पेटवणारे यंत्र) लावून १/५०० वर वरातीचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत घोड्याचे पाय एका काळ्या पट्ट्याखाली गेले. चूक त्याची नव्हे, न सांगणाऱ्या माझी होती.

आणखी एक गोष्ट चेहऱ्याच्या रंगाविषयी. कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालते. पांढऱ्या शेरवानीतला सावळा नवरदेव चुन्याच्या भिंतीपुढे उभा केला की मीटर सगळी चौकट करडी करायला जाते आणि नवरदेव कोळशासारखा येतो. तेथे एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉपपर्यंत वाढवावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) आणि हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) शेरवानीचा पांढरा उजव्या कडेला आपटत नाही ना, एवढे पाहावे. असे न करता पुढे सॉफ्टवेअरमध्ये चेहरे गोरे करण्याची जी पद्धत पडली आहे, ती मी पाळत नाही. या कारणाने माझ्या दोन ऑर्डरी गेल्या आहेत. पण नवरीच्या आईनेच ‘ही आमची पोरगी नव्हे’ असे म्हणावे, असा अल्बम माझ्या हातून निघणार नाही.

उन्हाविषयी लेखात एक ओळही नव्हती, आणि नेमके तेच आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावे उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या बातम्यांत येतात. ४५ अंश हा येथे नेहमीचा आकडा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी छापलेली असते. म्हणजे आम्ही मे महिन्यात जे करतो, ते कंपनीच्या लेखी मर्यादेबाहेरचे काम आहे. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात माझ्या सडपातळ मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर फोर के चित्रीकरण सुरू असताना, पाचव्या मंगलाष्टकाला पडद्यावर तापमानाची खूण लुकलुकली आणि अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी कॅमेरा आपोआप बंद पडला. वरमाला मला मोबाइलवर चित्रित कराव्या लागल्या आणि लग्नघरच्या यजमानांपुढे मान खाली घालून अर्धे पैसे सोडावे लागले. तेव्हापासून मी उन्हाळ्यात फुल एचडीवरच चित्रण करतो, पडदा बॉडीपासून बाहेर उघडून ठेवतो म्हणजे मागची उष्णता निघून जाते, दोन विधींच्या मध्ये कॅमेरा बंद करतो आणि त्यावर कोरडा पांढरा दुपट्टा टाकतो. ओला दुपट्टा आपल्या डोक्यावर घ्यावा, कॅमेऱ्यावर नव्हे. कॅमेरा गार करण्यासाठी कूलरसमोर उभे राहणारेही मी पाहिले आहेत. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात, आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि लेन्सवर वाळलेला तो पांढरा ठिपका कापडाने पुसताना काचेच्या लेपावर ओरखडा उठू शकतो. कॅमेरा तापला तर सावली द्यावी आणि वाट पाहावी.

उन्हाळा संपला की ओलाव्याची पाळी येते. आमचा भाग धानाचा, तलाव-बोड्यांचा. श्रावणात घरातली लोखंडी कपाटेसुद्धा आतून घामेजतात. माझी पहिली टेलिफोटो लेन्स मी चामड्याच्या केसात घालून अशाच कपाटात तीन महिने ठेवली होती. दसऱ्याला पूजेसाठी काढली आणि मागून टॉर्च मारून पाहिली, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे धागे पसरले होते. ही बुरशी काचेच्या लेपात रुतते आणि दुरुस्तीनंतरही डाग राहू शकतो. डाळ ठेवायचा घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे एक लहान मीटर एवढ्यावर लेन्स पावसाळा काढते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवावा आणि चामड्याचा केस डब्यात घालू नये. जुनी लेन्स विकत घेतानाही हीच टॉर्चची परीक्षा दुकानदारासमोर करावी. दुकानदार रागावला तर लेन्स घेऊ नये.

दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगाव झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, आणि माझ्या मते शिकणाऱ्याला त्याहून चांगली शाळा नाही. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो, तेवढ्या वेळात हजार फोटो काढता येतात. फ्लॅश मात्र मारू नये. नटाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रंगमंचावरच्या प्रकाशाची मजाही जाते. मागचा पडदा काळा असल्याने मीटर फसते आणि चेहरे जळतात, म्हणून सर्व काही मॅन्युअलवर ठेवून आयएसओ ३२००, एफ २ आणि शटर १/१०० येथून सुरुवात करावी. १/१०० अशासाठी की आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि शटर त्याहून वेगवान ठेवले तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. निळ्या किंवा लाल एलईडीत चेहऱ्याचा तपशील हरवतो, तेव्हा पांढरा दिवा पडण्याची वाट पाहावी. ज्याला धूसर न करता नाटकातला रडण्याचा प्रसंग टिपता आला, त्याला कोणतेही लग्न अवघड नाही.

नव्या मुलांचा ओढा अर्थातच ताडोब्याकडे असतो. वाघासाठी लागणारी मोठी लेन्स चार दिवस भाड्याने मिळते. ती विकत घेऊन वर्षभर डब्यात ठेवण्यात अर्थ नाही, आणि उघड्या जिप्सीत उडणाऱ्या धुळीत लेन्स बदलणे तर टाळावेच. वरातीतल्या डीजेच्या लेझर किरणांपासूनही कॅमेरा वाचवावा, कारण तो किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते, आणि मिररलेसचा सेन्सर सतत उघडा असल्याने धोका अधिक. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डे, घरी पोहोचताच दोन डिस्कवर प्रती आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात, हे सांगायला नकोच.

आपल्याला विनंती अशी की, पुढच्या वेळी असा लेख छापताना प्रत्येक कॅमेऱ्याच्या किमतीशेजारी त्याच्या वापराच्या तापमानाची मर्यादा आणि सोबतच्या लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र, हे दोन आकडे द्यावेत. लग्नसराई तोंडावर आहे, आणि आमच्या गावातील त्या तरुणाचे चुकारे अजून जमा व्हायचे आहेत. तोवर तो लेख आला तर बरे होईल.

आपला विश्वासू,
एक स्टुडिओचालक,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर