टोपलीच्या कडेचे पांढरे अळंबे

सावंतवाडी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे ज्या ठिकाणी तुटले, तिथेच ते राहू नये म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर मी एकच प्रश्न फिरून फिरून विचारतो आणि तू चिडतेस. कागदावर निदान माझे म्हणणे क्रमाने मांडता येईल.

जर्मनीतल्या गोटिंगेनजवळच्या जंगलातला तुझा फोटो आईने सगळ्या आळीत दाखवला. जाड देठाची, टोपीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखा थर असलेली श्टाइनपिल्झ ही खाण्याची अळंबी तू स्वतः ओळखलीस, याचा मला फार अभिमान वाटला. परंतु टोपलीच्या कडेला एक पांढरे अळंबे होते, देठावर कडे असलेले, आणि ते जमिनीच्या वरच सुरीने कापलेले होते. ते टाकून दिले असे तू सांगितलेस आणि माझा तुझ्यावर विश्वास आहे. शनिवारी तुम्ही पुन्हा जाणार आहात, एवढ्यासाठीच हा विषय काढला.

वरून कापले की जे पाहायचे तेच मातीत राहून जाते. अमानिटा फॅलॉइडिस या अत्यंत विषारी अळंब्याच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असते आणि ते पाहायचे तर अळंबे मुळापासून अलगद उकरावे लागते. त्याची टोपी बहुधा हिरवट, पण कधी पांढरीही असते, आणि ते बीच व ओक यांच्या मुळांच्या सोबतीने वाढते, म्हणजे तुम्ही फिरता त्याच झाडांखाली. शिजवल्याने त्याचे विष जात नाही. चवही वाईट नसते, असे त्यातून वाचलेली माणसे सांगतात. खाल्ल्यावर बहुधा सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, त्यानंतर थोडा काळ बरे वाटते, आणि नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत जाते. परवा तुझा आवाज इतका प्रसन्न होता, आणि हे सारे वाचलेले असल्यामुळे त्या प्रसन्न आवाजानेच मला रात्रभर झोप लागली नाही.

हे व्याख्यान झाले, त्याबद्दल क्षमा कर. मातीतले बुरशीचे तंतू तू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतेस, आणि मी येथे बसून तुलाच शिकवतो आहे.

आजी श्रावणात पहाटे बाहेर पडायची ते तुला आठवत असेल. ती फक्त ओळखीच्या वारुळांवरची अळंबी आणायची, आणि ती वारुळे कोणती हे तिने शेवटपर्यंत तुझ्या काकूलाही सांगितले नाही. वाळवी चघळलेला पाला वारुळात साठवते, त्यावर बुरशी पोसते, आणि पावसात त्या बुरशीची अळंबी वर येतात. म्हणून त्यांच्या देठाला खाली वारुळापर्यंत गेलेले लांब मूळ असते. आजी ते मूळ बोटांनी चाचपून पाहायची. चांदीचे नाणे घालून विष ओळखण्याची रीत तिने कधी मानली नाही, आणि ती खरोखरच निरुपयोगी आहे. तिची ओळख मात्र त्या डोंगरापुरती होती. 2015 च्या शरद ऋतूत तुझ्याच त्या देशात नव्याने आलेल्या सीरियन निर्वासितांपैकी कित्येकांना अमानिटा फॅलॉइडिसची विषबाधा झाली, कारण त्यांना ते मायदेशातल्या खाण्याच्या अळंब्यासारखे वाटले. ती माणसे अडाणी नव्हती. त्यांनाही ओळखता येत होते, पण आपल्या गावचे. टोपलीतले ते पांढरे अळंबे कोणी आणि काय समजून उचलले होते, हे तू मला अजून सांगितलेले नाहीस.

तू बारावीत असताना आपण दोघे रात्री ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ ही अंतराळप्रवासाची मालिका पाहत बसायचो. बुरशीच्या विश्वव्यापी जाळ्यातून त्यातले अंतराळयान क्षणात कुठल्या कुठे जायचे, आणि त्यातल्या अभियंत्याचे पॉल स्टॅमेट्स हे नाव खऱ्या अमेरिकन कवकतज्ज्ञाचे आहे, हे तूच शोधून काढलेस. माझ्या शाळेच्या दिवसांत दूरदर्शनवर जुने ‘स्टार ट्रेक’ लागे, तेव्हा मी ते शेजारच्यांच्या दारात उभा राहून पाहिले होते. माझी मुलगी त्याच कथेच्या मागे जर्मनीत माती तपासायला जाईल असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मला खरे वाटले नसते. पुढे ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेत बुरशी माणसांना ग्रासते हे पाहताना मी घाबरलो, तेव्हा खरी कॉर्डिसेप्स बुरशी मुंग्यांना आणि किड्यांना ग्रासते, माणसाच्या शरीराची ऊब तिला सोसत नाही, असे तू मला समजावलेस. तू समजावलेस आणि माझी भीती गेली. या वेळीही तसेच समजाव, एवढीच माझी विनंती आहे.

जर्मन कवकशास्त्र संस्थेने परीक्षा घेऊन मान्यता दिलेले सल्लागार गावोगाव असतात, आणि त्यांना टोपली दाखवता येते, असे मी वाचले. शनिवारी टोपली घरी नेण्याआधी त्यांच्यापैकी कोणाकडे तरी न्या, आणि शंका असलेले एकही अळंबे इतरांत मिसळू नका. विषबाधेच्या मदतकेंद्राचा क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेव. तुझ्या मैत्रिणींनाही दे. पुन्हा तेच सांगतो आहे, हे मला कळते.

आईने आमसुले आणि कुळथाचे पीठ पाठवले आहे. 2024 मध्ये आलेला ‘डिस्कव्हरी’चा शेवटचा भागसंच मी अजून पाहिलेला नाही, तू सुट्टीत आल्यावर दोघे मिळून पाहू. सल्लागारांची वेळ मिळाली की कळव.

तुझा
बाबा