फर्निचरच्या अपुऱ्या तयारीचे खापर ग्राहकावर फोडल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: सामान हलवताना फर्निचरची योग्य सुटे-जोड व बांधणी न झाल्यामुळे झालेले नुकसान आणि त्याची भरपाई नाकारणारे आपले पत्र

महोदय,

आमच्या घरातील सर्व सामान नव्या घरी हलवण्याचे काम आम्ही आपल्या कंपनीला दिले होते. फर्निचर सुटे करणे, बांधणे, गाडीत चढवणे, उतरवणे आणि नव्या घरात पुन्हा जोडून देणे ही सर्व कामे ठरलेल्या रकमेत समाविष्ट होती आणि ती रक्कम आम्ही पूर्ण भरली आहे. या कामात आमच्या पाच वस्तूंचे नुकसान झाले. त्याबद्दल मी केलेला दावा आपल्या भरपाई विभागाने फेटाळला असून, “ग्राहकाने फर्निचर वाहतुकीसाठी योग्य रीतीने तयार करून ठेवलेले नव्हते” असे एकमेव कारण दिले आहे. नुकसानापेक्षाही या वाक्याने मला अधिक दुःख झाले, कारण ते वस्तुस्थितीला धरून नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्या वाक्याबद्दल आहे.

सामान हलवण्याआधी आपल्याकडून आलेल्या सूचनापत्रात फर्निचरविषयी “फर्निचर तयार ठेवावे” एवढीच एक ओळ होती. तयार ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हे मी ईमेल पाठवून विचारले. त्यावर आपल्या कार्यालयाने लेखी उत्तर दिले की कपाटे व खण रिकामे करावेत, दागिने व कागदपत्रे स्वतःजवळ ठेवावीत आणि बाकी सर्व कंपनीची माणसे करतील. आम्ही त्याप्रमाणे केलेच, आणि त्याखेरीज प्रत्येक वस्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली, दारांच्या व जिन्याच्या वळणाच्या रुंदीची मापे आपल्याला कळवली आणि सगळे फर्निचर कोरड्या फडक्याने पुसून घेतले, कारण वेष्टनाखाली राहिलेली धूळ वाटभर पॉलिशवर घासली जाऊन ओरखडे पाडते. याहून अधिक तयारी ग्राहकाकडून अपेक्षित होती, तर ती कोणती हे आधी सांगणे आपले काम होते.

पाहणीसाठी आलेल्या आपल्या प्रतिनिधीने वस्तूंची यादी केली, पण त्या यादीत फक्त “कपाट, पलंग, टेबल, सोफा” अशी नावे आणि संख्या आहेत. कोणते कपाट भरीव लाकडाचे आहे आणि कोणते पार्टिकल बोर्डाचे, कशावर लाखेचे पॉलिश आहे आणि कशावर लॅमिनेट, टेबलाचा वरचा भाग काचेचा आहे की लाकडी, यांपैकी एकही नोंद त्यात नाही. माझ्या मते पुढच्या सर्व नुकसानाचे मूळ इथेच आहे. फर्निचर कसे बांधायचे हे ते कशाचे बनले आहे आणि त्याचे सांधे कसे आहेत यावर ठरते, आणि तीच माहिती घेतली नसेल तर दारात आलेली माणसे सगळ्या वस्तूंना एकच उपाय लावणार. आमच्याकडे तो उपाय म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची स्ट्रेच फिल्म आणि चिकटपट्टी हा होता.

आमचे सागवानी कपाट जुने आहे आणि त्याला लाखेचे पॉलिश आहे. लाकूड सभोवतालच्या हवेतला दमटपणा शोषते आणि परत सोडते, हे सुताराच्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. अशा पृष्ठभागावर थेट प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले की दमटपणा आतच कोंडतो, बंद गाडीतल्या उष्णतेने लाखेचा थर मऊ पडतो आणि पॉलिशवर पांढरट, धुरकट डाग उमटतात. म्हणून आधी स्वच्छ सुती चादर किंवा जाड ब्लँकेट, त्यावर कोपऱ्यांना पुठ्ठा, आणि सर्वांत बाहेरून, वेष्टन जागेवर राहावे एवढ्यापुरती, फिल्म असा क्रम पाळावा लागतो. बबल रॅप वापरायचा असेल तरी तो ब्लँकेटच्या वर हवा, कारण त्याचे फुगे थेट पॉलिशवर दाबले गेले तर गोल ठसे उमटतात. मी हे त्या वेळी तुमच्या माणसांना सांगितले. त्यांनी सौजन्याने ऐकले आणि सांगितले की त्यांच्याजवळ दोनच ब्लँकेटे आहेत आणि ती टीव्हीसाठी आणली आहेत.

कपाट उघडल्यावर त्याच्या दोन्ही दारांवर आणि डाव्या बाजूवर पांढरट छटा पसरलेली होती, आणि खण सरकू नयेत म्हणून जिथे चिकटपट्टी थेट लाकडावर लावली होती, तिथे ती काढताना पॉलिशचे पापुद्रे निघून आले. एवढ्यावरही काम सावरता आले असते. परंतु नव्या घरी फर्निचर जोडण्यासाठी आलेल्या आपल्या कारागिराने डाग घालवण्याच्या हेतूने फडके स्पिरिटमध्ये भिजवून दारावर चोळले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाखेचे पॉलिश त्यातच तयार होते, आणि म्हणूनच मुरलेला पॉलिशवाला जवळजवळ कोरड्या बोळ्यावर स्पिरिटचे थेंब घेऊन अशी छटा अलगद उतरवू शकतो. ओल्या फडक्याने मात्र थरच निघून जातो, आणि उजव्या दारावर आज हाताच्या पंजापेक्षा मोठा भाग उघड्या लाकडाचा आहे. हे कपाट माझ्या सासूबाईंचे आहे आणि ते पूर्ववत व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुसरे नुकसान कपड्यांच्या तीन दारी कपाटाचे झाले. हे कपाट पार्टिकल बोर्डाचे असून त्याच्या फळ्या कॅम लॉकने जोडलेल्या आहेत. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा व कपच्या चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी, त्यामुळे तिच्यात भरीव लाकडासारखे सलग तंतू नसतात आणि एकदा भोक फाटले की त्यात स्क्रू पुन्हा धरत नाही. कॅम लॉकची १५ मिमी व्यासाची चकती स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवली की आतला खिळा मोकळा होतो आणि फळी हाताने अलगद सुटते, त्यात जोर लावण्याचे कारणच नसते. तुमच्या माणसांनी आधी कपाट उभे असतानाच त्याची पाठीची पातळ फळी काढली. ही फळी जेमतेम ३ मिमी जाडीची असली तरी संपूर्ण सांगाडा काटकोनात तीच धरून ठेवते, त्यामुळे ती निघताच कपाट एका अंगाला कलले आणि सगळ्या सांध्यांवर ताण आला. त्यानंतर ताणाखाली अडकलेल्या चकत्या फिरेनात, म्हणून हातोडीने ठोकून फळ्या वेगळ्या करण्यात आल्या. आधी दारे व आतल्या फळ्या काढून, कपाट ब्लँकेटवर आडवे करून मग पाठ काढली असती, तर हे काहीही झाले नसते. आज दोन्ही बाजूंच्या फळ्यांची भोके फुटलेली आहेत आणि आपल्या कारागिराने ती पांढऱ्या गोंदाने व कागदाच्या बोळ्यांनी भरून कपाट उभे केले आहे. दार उघडले की ते हलते. लहान मुलांच्या घरात असे कपाट उभे ठेवण्याची मला भीती वाटते, म्हणून आम्ही ते रिकामे ठेवले आहे.

हायड्रॉलिक पलंगाबाबत जे घडले ते नुकसानापेक्षा अधिक गंभीर आहे आणि त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते. अशा पलंगाच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी दाबलेल्या वायूच्या नळ्या असतात. आमच्या पलंगाच्या प्रत्येक नळीवर १००० न्यूटन असे छापलेले आहे, म्हणजे एकेक नळी साधारण १०० किलो वजन उचलण्याइतका जोर लावते. गादी आणि वरचा प्लायवूड काढून घेतल्यावर हा जोर अडवणारे वजनच उरत नाही. म्हणून झाकण पूर्ण उघडून, त्याला खालून भक्कम टेकू देऊन, नळ्या पूर्ण लांबल्यावरच त्या सोडवायच्या असतात. आपल्या दोन माणसांनी झाकण अर्धवट खाली दाबून धरत तिसऱ्याला नळीची पिन काढायला सांगितले, आणि पिन निघताच लोखंडी चौकट झटक्याने वर आली. ज्या तरुणाने पिन काढली तो क्षणभर आधी मागे सरला म्हणून त्याच्या चेहऱ्याला इजा झाली नाही. पलंगाची एक पट्टी वाकली आहे, ती बदलता येईल. पण ज्या कामात एखाद्याचा डोळा जाऊ शकतो, ते काम शिकवल्याविना कोणाला करायला लावणे योग्य नाही, आणि हे मी त्या तरुणाच्या वतीनेही लिहीत आहे.

जेवणाच्या टेबलाची १२ मिमी जाडीची काच गाडीत आडवी ठेवून तिच्यावर खोकी रचण्यात आली होती. या जाडीची काच दर चौरस मीटरला ३० किलो भरते, आणि ती नेहमी काठावर उभी, दोन्ही अंगांना आधार देऊन न्यावी लागते. ही काच कडक केलेली आहे, आणि अशी काच वरून मार सोसत असली तरी तिची कड नाजूक असते. तिच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि ती कधीही एकदम चुरा होऊ शकते, त्यामुळे आम्ही टेबल वापरणे बंद केले आहे. सोफ्याचे पाय स्क्रूने बसवलेले असून हाताने फिरवून काढता येतात, पण ते न काढताच सोफा दारातून ओढल्यामुळे एक पाय तुटला. सर्व वस्तूंचे स्क्रू एकाच पिशवीत टाकले गेले होते, आणि कोणता स्क्रू कशाचा हे शोधण्यात जोडणीचा बराचसा वेळ गेला. प्रत्येक वस्तूचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून, नाव लिहून, त्याच वस्तूला बांधणे एवढी साधी ही गोष्ट आहे.

आपल्या माणसांविरुद्ध माझी तक्रार नाही, हे मला येथे स्पष्ट नोंदवायचे आहे. ते मेहनती होते, उद्धटपणे वागले नाहीत, आणि भांडी, पुस्तके व फ्रिज त्यांनी उत्तम बांधून सुखरूप पोहोचवले. त्यांना पुरेशी ब्लँकेटे, योग्य हत्यारे आणि वस्तूंची माहिती दिली गेली नव्हती. या तिन्ही गोष्टी देणे कार्यालयाचे काम आहे, म्हणून या प्रकारासाठी त्यांच्यापैकी कोणाच्या पगारातून काही कापले जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या नकाराविषयी. आपल्याच छापील यादीत प्रत्येक वस्तूसमोर “ग्राहकाने बांधले” आणि “कंपनीने बांधले” असे दोन रकाने आहेत. सर्व फर्निचरसमोर दुसऱ्या रकान्यात खूण आहे आणि खाली आपल्या पर्यवेक्षकांची सही आहे. त्याच यादीतील “पूर्वीचे नुकसान” हा रकाना या पाचही वस्तूंसमोर कोरा आहे. म्हणजे वस्तू चांगल्या स्थितीत ताब्यात घेतल्या, त्या आपण सुट्या केल्या, आपण बांधल्या, आपल्या गाडीतून नेल्या आणि आपणच पुन्हा जोडल्या, हे आपल्याच कागदावर लिहिलेले आहे. मग ग्राहकाने केलेली कोणती तयारी अपुरी होती? कपाट रिकामे नव्हते का? रस्ता मोकळा नव्हता का? आपल्या पत्रात याचे एकही उदाहरण दिलेले नाही. सामान मिळाल्याच्या पावतीवर सही करताना मी “कपाटावर पांढरे डाग, काचेचा कोपरा उडालेला, सोफ्याचा पाय व पलंगाची पट्टी तुटलेली अथवा वाकलेली, तीन दारी कपाट हलते” अशी नोंद स्वतःच्या हाताने केली आहे आणि तिची प्रतही आपल्याकडे आहे.

या परिस्थितीत माझी पहिली मागणी अशी की भरपाई नाकारणारे पत्र मागे घ्यावे आणि माझ्या दाव्याच्या नोंदीतून ग्राहकाच्या तयारीविषयीचे विधान लेखी स्वरूपात काढून टाकावे. सागवानी कपाटासाठी लाखेचे पॉलिश हाताने करणारा अनुभवी कारागीर आपल्या खर्चाने पाठवावा. जुन्या लाखेवर नवा थर एकजीव होतो, त्यामुळे संपूर्ण कपाट घासून काढण्याची गरज नाही, आणि त्यावर यंत्राने कृत्रिम लॅकर फवारण्यास मी संमती देणार नाही. तीन दारी कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या नव्या बसवून मिळाव्यात, कारण गोंदाने भरलेली भोके मला स्वीकारार्ह नाहीत. टेबलाची काच, पलंगाची पट्टी आणि सोफ्याचा पाय बदलून द्यावेत.

याशिवाय आपले सूचनापत्र बदलावे अशी माझी आग्रहाची मागणी आहे. पाहणीच्या वेळीच प्रत्येक वस्तू कशाची बनली आहे, ती सुटी करावी लागेल का, तिला कोणते वेष्टन लागेल, आणि त्यातले कोणते काम ग्राहक करणार व कोणते कंपनी करणार, हे वस्तूगणिक लिहून दोन्ही बाजूंनी त्यावर सही करावी. “तयार ठेवावे” या एका ओळीवर विसंबून सामान सोपवणाऱ्या पुढच्या कुटुंबाला नंतर असे पत्र मिळू नये असे मला वाटते.

वस्तूंची आधीची व नंतरची छायाचित्रे, यादीची व पावतीची प्रत आणि आपल्या कार्यालयाचे ईमेलवरील उत्तर या पत्रासोबत जोडले आहे. नुकसान झालेल्या सर्व वस्तू आहेत त्या स्थितीत ठेवल्या असून आपल्या प्रतिनिधीने पूर्वसूचना देऊन त्या केव्हाही येऊन पाहाव्यात. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, अन्यथा मला हे प्रकरण ग्राहक तक्रार निवारण आयोगासमोर न्यावे लागेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक ग्राहक