दुकानाच्या विम्याबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या मसाल्याच्या दुकानाचा विमा मी नव्याने काढला आहे. अक्षय्य तृतीयेला पैसे भरले आणि पॉलिसीही आली. बाबा, फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "किती भरलेस?" असं विचारलं असतंत आणि पुढचं ऐकलंच नसतंत. म्हणून सगळं कागदावर लिहिते. आई, तू बाबांना वाचून दाखव, आणि संपेपर्यंत त्यांना गोठ्याकडे जाऊ देऊ नकोस.

दुकान व्यवस्थित चाललंय. नऊला शटर वर जातं, आधी गणपतीला हार, मग मसाला कुटायचा डंक सुरू. बाबांची गादी होती तिथेच आहे, गल्लाही तिथेच. परीक्षा संपल्या आणि गर्दी लागली. गिरगावच्या मावशी येऊन तुमची चौकशी करून गेल्या. मालवणी मसाल्याचं प्रमाण आईच्या वहीतलंच आहे, चिमूटभरही फरक केलेला नाही.

विम्याचं असं झालं. दुकानाच्या मालावर बँकेचं कॅश क्रेडिटचं कर्ज होतं तोवर बँकच दुकानाचा विमा काढत होती. कर्ज फिटलं तेव्हा आपण गल्लीभर पेढे वाटले, पण कर्जाबरोबर तो विमाही संपत होता. एप्रिलअखेर त्याची मुदत. शिवाय तो होता सहा लाखांचा. सहा लाख ही कर्जाची रक्कम होती, दुकानातल्या मालाची नव्हे. बाबा, तुम्ही त्या वेळी केलंत ते बरोबरच होतं. तेव्हा माल किती असायचा आणि हप्ता भरून घरी काय यायचं, ते मी पाहिलंय. पण आता मार्च ते मे या दिवसांत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची, धणे, खोबरं, गरम मसाला मिळून अठरा लाखांचा माल आपल्याकडे असतो.

आपण सगळे समजत होतो की सहा लाखांचा विमा आहे, म्हणजे तीन लाखांचं नुकसान झालं तर तीन लाख मिळतील. तसं नसतं. अठरा लाखांच्या मालावर सहा लाखांचा विमा म्हणजे तीन हिश्शांतला एकच हिस्सा. मग तीन लाखांचा माल भिजला तर हातात येतो एक लाख. याला ते सरासरीचं कलम म्हणतात. हे कळल्यावर मला झोप लागेना, खरंच सांगते. २००५ च्या २६ जुलैबद्दल मी काही लिहीत नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळी मुंबई सांगते, मला आईच्या बांगड्या आठवतात. आणि २२ जुलै २०२१ नंतर चिपळूणच्या बाजारपेठेत मामाच्या दुकानातला चिखल उपसायला बाबा स्वतःच गेले होते ना.

आता घेतलेल्या पॉलिसीचं नाव आहे भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या धंद्यांसाठी ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि तिच्या मूळ अटी सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच. म्हणून कंपनी कोणती यावर मी फार डोकं लावलं नाही. डोकं लावलं ते रकमेवर. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, एवढं तिच्यात येतं. दुकानात पाणी शिरलं आणि त्या गोंधळात पोती चोरीला गेली, तर पुढच्या सात दिवसांतली चोरीही धरतात. रक्कम लावण्यात पंधरा टक्क्यांपर्यंत तूट राहिली तरी सरासरी लावत नाहीत. आपल्यासारख्या भाव वर-खाली होणाऱ्या मालाला याचा मोठा आधार आहे. मालाची किंमत खरेदीच्या भावाने लावली, विक्रीच्या नाही. डंकाची मात्र आज नवा घ्यायला किती पडेल, त्या हिशेबाने. इमारत पागडीची, त्यामुळे भिंती आणि छप्पर मालकाचं. आपण विमा काढला तो माल, डंक, चक्की, काटे आणि फडताळांचा.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकला होता तो गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत. बायका मिरच्या उन्हात वाळवून, देठं काढून, मसाले भाजून आणतात आणि रांग मोठी असली की पिशवीवर नावाची चिठ्ठी लावून ठेवून जातात. रात्रभर ते सगळं आपल्या भरवशावर असतं. पण साधी पॉलिसी मालकाच्या स्वतःच्या मालाची. लोकांचा आपल्या ताब्यातला माल वेगळा लिहून घ्यावा लागतो. एजंटने ते विचारलंच नव्हतं. मी आग्रहाने लिहून घेतलं, दोन लाखांपर्यंत. बाबा, उद्या काही झालं तर कुणाच्या वर्षभराच्या मसाल्याचे पैसे द्यायला तुम्हाला खाली मान घालावी लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. सगळं मिळून सव्वीस लाख झाले.

काय मिळणार नाही तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी सांगितलं तर वाईट वाटणार नाही. ओल लागून माल खराब झाला, धण्यात जाळी धरली, तर काही मिळत नाही. त्यासाठी पोती आता जमिनीवर नाहीत, लाकडी फळ्यांवर आहेत. शॉर्टसर्किटने आग लागून दुकान जळलं तर भरपाई आहे, पण ज्या मोटरीत शॉर्टसर्किट झालं तिची नाही. म्हणून वायरिंग नवं करून घेतलं. जुनं झालेलं, झिजलेलं काही विम्यात भरून मिळत नाही.

चोरीचा विमा जोडून घेतला आहे. कुलूप तोडून, शटर वाकवून चोरी झाली तरच तो लागू होतो. कामावरच्या माणसांनी अफरातफर केली तर, असा एक वेगळा विमा असतो, तो मी घेतला नाही. आपल्या दुकानातल्या दोघा कामगारांसाठी तसला कागद येणं मला चाललं नसतं.

त्या दोघांसाठी कामगार भरपाईचा विमा मात्र घेतला, आणि हा घेतला नसता तर बाकीच्या सगळ्याला माझ्या लेखी अर्थ नव्हता. डंकावर हात सटकायला क्षण लागत नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे १९२३ पासून कायद्यात आहे. पण मला कायद्यापेक्षा त्या दोघांतला दादा दिसतो. त्याने मला खांद्यावर बसवून लालबागचे सगळे गणपती दाखवलेत, पावसात शाळेतून आणलंय, आणि तुम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा चाव्या त्याच्याकडेच होत्या. त्याच्या हाताची किंमत आपल्या घराला भरता येणार नाही, पण त्याच्या घराची चूल तरी पेटती राहील.

एजंट दुकानदारांचं एक पॅकेज गळ्यात बांधत होता. त्यात काच फुटली तर, निऑनची पाटी पडली तर, प्रवासात सामान हरवलं तर, असं काय काय होतं. आपल्याला काचही नाही आणि निऑनही नाही. नको म्हटलं. धंदा बंद पडल्यावर बुडालेल्या नफ्याचा विमाही असतो. तो मला हवा होता, कारण आपलं वर्ष या तीन महिन्यांवरच चालतं. पण त्याला हिशेब चोख लागतात, आणि आपल्या अर्ध्या खरेदीची बिलं वहीत चिकटवलेली नाहीत. पुढच्या वर्षी बघू.

आता पैसे. सगळं मिळून वर्षाला साधारण पंधरा हजार, जीएसटी धरून. तुम्ही म्हणाल, जीएसटी माफ झाला ना? २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला तो घरच्या माणसांच्या वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा. दुकानाच्या विम्यावर १८ टक्के आहेच. महिन्याला साडेबाराशे पडतात, बाबा. पैसे माझ्या बचतीतले आहेत, गल्ल्याला हात लावलेला नाही. आणि गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, गेल्या वर्षी तुम्हीच माझ्या नावावर केलात, म्हणून सही माझी चालली. तुम्हाला डावलून काही केलं असं कृपा करून मनात आणू नका. पाटीवर नाव तुमचंच आहे आणि तेच राहणार.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. बाबा, वाशीच्या बाजारातली मागच्या दोन वर्षांची बिलं तुम्ही कुठे ठेवलीत ते फोन करून सांगा. पत्र्याच्या ट्रंकेत नाहीत, माळ्यावरही बघितलं. नुकसान झालं तर ते मोजायला येणारा विम्याचा सर्व्हेअर पहिली तीच मागतो. इथून पुढची बिलं मी फाइलला लावतेय आणि दर शनिवारी मालाचे फोटो काढून ठेवतेय. "मी येऊन शोधतो" असं म्हणू नका. डॉक्टरांनी मिरचीच्या धुरळ्यात बसू नका असं सांगितलंय, आणि मीही तेच सांगते. गणपतीपर्यंत गावीच राहायचं. करमत नसेल तर सकाळी फोनवर मला भाव सांगत जा, तुमच्याइतकी बेडगी ओळखणारं इथे कुणी नाही.

गोळ्या आईने हातात द्यायच्या, डबीत ठेवून विसरायच्या नाहीत. आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, दादाचा पुतण्या रविवारी गाडीने गावी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. सोबत तुझ्या आवडीचा लाडू-चिवडा आहे, बाबांना चिवडा थोडाच दे. विहिरीवर एकटी जाऊ नकोस. आणि बाबांची सत्तरी उलटली आहे, तेव्हा त्यांना सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार, उत्पन्नाची अट नाही. आधार कार्ड घेऊन मामाबरोबर चिपळूणला जा आणि ते काढून घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आत जा, मला फोन करून सांगा.

तुमची,
बाय