चि. मुक्तास

सांगली

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन तोडलास, त्यावर मी काही बोलणार नाही. तिकडे अमेरिकेत म्हातारपणाचा अभ्यास करून पुढे नोकरी कुठली, तो विषयही काढणार नाही.

तुझ्या वर्गातल्या त्या आजोबांचं तुझ्या आईने सगळ्या गल्लीला सांगून झालंय. नव्वदीला टेकलेला माणूस तुम्हा पोरींशेजारी वही काढून बसतो, आणि वार्धक्यावरचा धडा चालू असताना मध्येच म्हणतो, ‘असं नसतं गं!’ आजी विचारते, त्यांना मार्कही देतात का? तुमच्या कॅम्पसातल्या त्या लासेल व्हिलेजमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या वसाहतीत, राहायचं तर वर्षाला 450 तास शिकायची अट, त्यात व्यायामही धरतात, हे मी कट्ट्यावर ऐटीत सांगितलं. जोशीकाका म्हणाले, “तेवढे तास आमचे बँकेत केवायसीला जातात.”

तरी पोरी, कर्ज घरावर काढलंय. शेजारची नंदिनी बघ, एमबीए झाली आणि... आलाच विषय. राहू दे.

2011 च्या जनगणनेतच आपल्याकडे साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. म्हणजे काम उदंड आहे. पगार कोण देणार, ते कुठे छापलेलं दिसत नाही.

‘आजीला विचारलेल्याची उत्तरं तुम्ही का देता?’ हे तुझं बोलणं मला लागलं. पण सोमवारी दवाखान्यात मी गप्प बसलो. डॉक्टर माझ्याकडेच बघून विचारत होते, “झोप लागते का यांना?” मी आजीकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला, झोपेचं राहिलं बाजूला, आधी गुडघ्याचं सांगितलं, मग बीपीची गोळी ती अर्धीच घेते, ते. अर्धी! घरात कुणाला पत्ता नाही.

अण्णांची नजर गेल्यावर तू त्यांना पेपर वाचून दाखवायचीस. आधी निधनवार्ता, मग क्रिकेट. निधनवार्तांत ओळखीचं कुणी नसलं की अण्णा हिरमुसायचे आणि तू खो खो हसायचीस. एकदा तर त्यांना बरं वाटावं म्हणून तू शाळेतल्या बाईंचंच नाव घुसडलंस. आणि मी लिहायला बसलो होतो काटकसरीबद्दल.

भाजणी कुरियरने पाठवलीय. हप्त्याचं मी बघतो, मेपर्यंत घोर नाही. मेनंतरचं तेवढं तिथल्या सरांना एकदा विचारशील का? रागावू नकोस.

तुझा,
बाबा